चार लाख चार: गिरगावच्या पिन कोडची फोड

गिरगावात वाढलेल्या माणसाला पिन कोड विचारला की "चारशे, शून्य शून्य चार" असं एका दमात उत्तर येतं. "चार लाख चार" असं कुणी म्हणत नाही. म्हटलंच, तर ऐकणाऱ्याला वाटेल की हा चाळीतल्या खोलीची पागडी सांगतोय, आणि तीही कुठल्यातरी जुन्या जमान्यातली. पिन कोड आपल्यासाठी आकडा नसतोच. ते अंकांत लिहिलेलं नाव असतं.

मे महिन्यात भाची आमच्याकडे वडाळ्याला राहायला आली होती. कांदिवलीची, नववीत गेलेली. दुपारी उन्हामुळे बाहेर पडायची सोय नाही, म्हणून आईची पत्र्याची ट्रंक उघडून बसलो. आजोबांना आलेल्या पत्रांचा गठ्ठा निघाला. जुन्या कार्डांवर पत्त्याच्या शेवटी नुसतं "गिरगाव, मुंबई ४", नंतरच्या इनलँडवर "मुंबई ४०० ००४". भाचीने दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं.

"मामा, हा मूळ आहे का रे?"

"कोण?"

"हा आकडा. चार लाख चार."

"सम आहे. मूळ कसा असेल?" असं म्हणून मी चहा ठेवायला उठलो. चहा उकळेपर्यंत तिने त्याला दोनदा २ ने भागून १,००,००१ काढलं होतं आणि तिथे अडकून बसली होती. पुढचे चार-पाच दिवस आम्ही त्या आकड्यातच होतो.

आधी पत्त्याबद्दल थोडं. पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, हा मराठी माणूस सरकारी अधिकारी होता आणि संस्कृत कवीही. एकाच नावाची ढीगभर गावं, त्यात पत्ते निरनिराळ्या भाषांत आणि लिप्यांत, त्यामुळे पत्रं वाट चुकायची. त्यावर हा सहा अंकी उतारा. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. मुंबईला ४०० मिळाला. शहरात आधीपासून "मुंबई ४", "मुंबई २८" असे विभाग होतेच, त्यांच्यामागे चार लाख जोडले गेले. गणिताच्या नजरेने पाहिलं तर त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक पत्त्यात ४,००,००० मिळवले गेले, आणि प्रत्येकाचा स्वभाव बदलला.

स्वभाव म्हणजे काय, तर आकडा कशाकशाचा बनलाय ते. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या. बाकीच्या सगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनतात, आणि प्रत्येकीची ही फोड एकाच प्रकारे होते. १२ ची फोड २ × २ × ३, दुसरी कुठलीही नाही. दिसायला आकडा कितीही साधा असो वा भारदस्त, फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही.

(चार लाख हा काही मोठा आकडा नाही असं गणितवाले म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. ती लिहायला ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक लागतात. पण तिच्याशी पेन-कागद घेऊन झटापट करता येत नाही. चार लाखांशी येते, आणि मजा तिथेच आहे.)

तर १,००,००१. ३ ने भाग जात नाही, कारण अंकांची बेरीज २. ५ चा प्रश्न नाही. ७ ने भागलं तर ६ उरतात. मग ११. शाळेत ११ ची कसोटी शिकवतात: अंक आळीपाळीने मिळवा आणि वजा करा, शून्य किंवा ११ च्या पटीतलं काही आलं तर भाग जातो. कसोटी सगळ्यांना पाठ असते. ती का चालते हे मात्र मलाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

कारण सोपं आहे. १० हे ११ पेक्षा एकाने कमी. १०० हे ९९ पेक्षा एकाने जास्त, आणि ९९ म्हणजे ११ × ९. १००० हे १००१ पेक्षा एकाने कमी, आणि १००१ म्हणजे ११ × ९१. १०,००० हे ९९९९ पेक्षा एकाने जास्त. एक कमी, एक जास्त, एक कमी, एक जास्त. म्हणजे ११ च्या हिशेबात एकक स्थानच्या अंकाची किंमत अधिक, दशकाची उणे, शतकाची पुन्हा अधिक. ४००००४ मध्ये एकक स्थानचा ४ अधिक, लक्ष स्थानचा ४ उणे. वजाबाकी शून्य. भाग जाणार.

आणि हे केवळ गिरगावचं नशीब नाही. ४००००४ उलटा वाचला तरी तोच राहतो. "रामाला भाला मारा" किंवा "चिमा काय कामाची" यांसारखाच. अशा आकड्यात अंकांची संख्या सम असेल, तर प्रत्येक अंक एकदा अधिकच्या घरात येतो आणि एकदा उणेच्या. सगळे आपापसात कटतात. त्यामुळे सम अंकी उलटसुलट आकडा कुठलाही घ्या, २७७२ घ्या की ९१४४१९, त्याला ११ ने भाग जातोच. विषम अंकींना ही सक्ती नाही, कारण मधला अंक एकटा पडतो.

भाचीला हे इतकं आवडलं की तिने कॅल्क्युलेटरवर वीस-पंचवीस आकडे तपासले. मी तिला सूर्यदासांबद्दल सांगितलं. सोळाव्या शतकातल्या या पंडिताने भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीका लिहिली, आणि त्याच माणसाने असं एक संस्कृत काव्य रचलं की सुलट वाचलं तर रामाची कथा आणि उलट वाचलं तर कृष्णाची. आकडा उलटा करणं त्यामानाने फारच सोपं.

१,००,००१ भागिले ११ म्हणजे ९०९१. म्हणजे गिरगाव = २ × २ × ११ × ९०९१. आता ९०९१ आणखी फुटतो का?

सरळ मार्ग असा की ९५ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. ९५ पर्यंतच का? तर ९०९१ चे दोन तुकडे झाले, तर दोन्ही ९६ च्या वर असू शकत नाहीत. ९६ × ९६ म्हणजे ९२१६, जास्तच होतात. ९५ पर्यंत २४ मूळ संख्या आहेत. २४ भागाकार म्हणजे अर्धा तास. पण इथे एक आडवाट आहे, आणि सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग तो आहे.

१ ला ९०९१ ने भागा. दशांश चिन्ह देऊन, शाळेत करायचो तसा लांबलचक भागाकार. १० मध्ये जात नाही, १०० मध्ये नाही, १००० मध्ये नाही. १०,००० मध्ये एकदा, उरले ९०९. त्यावर शून्य दिलं, ९०९०. जात नाही, जेमतेम एकाने हुकलं. पुढे ९०,९००: नऊ वेळा, उरले ९०८१. ९०,८१०: नऊ वेळा, उरले ८९९१. मग ९, मग ८, मग ९, आणि बाकी उरते १.

जिथून निघालो तिथेच. आता पुढे सगळं पुन्हा तसंच येणार. उत्तर आहे ०.०००१०९९९८९, ०००१०९९९८९, आणि असंच न संपणारं. दहा अंकांचं आवर्तन. त्याचे मधोमध दोन तुकडे करा: ०००१० आणि ९९९८९. बेरीज ९९९९९. हा योगायोग नाही. पाचव्या पायरीला बाकी ९०९० होती, म्हणजे १ चं अगदी विरुद्ध टोक, ९०९१ ला एक कमी. तिथून पुढचा प्रवास पहिल्या प्रवासाची आरशातली प्रतिमा: पहिल्या अर्ध्यात ० तिथे दुसऱ्या अर्ध्यात ९, जिथे १ तिथे ८.

आता आडवाट. या भागाकारात दहा निरनिराळ्या बाक्या आल्या आणि चक्र पूर्ण झालं. चक्रात न आलेली एखादी बाकी घेऊन सुरुवात केली, समजा २ घेऊन, तर तिचीही दहाचीच टोळी होते. तिसरी बाकी घेतली, तर तिसरी टोळी, तीही दहाची, आणि टोळ्या एकमेकींत मिसळत नाहीत. आता समजा एखादी मूळ संख्या ९०९१ ला भागते. तिने भाग देतानाही चक्र दहाचंच होतं, हे थोड्या खटपटीने दाखवता येतं. त्या मूळ संख्येच्या बाक्या किती? तिच्याहून एकाने कमी. त्या सगळ्या दहा-दहाच्या टोळ्यांत बसल्या पाहिजेत, एकही सुटी न राहता. म्हणजे ती संख्या उणे १ ही १० च्या पटीत. म्हणजे तिच्या शेवटी १ असलाच पाहिजे!

फर्मा या फ्रेंच न्यायाधीशाने १६४० मध्ये एका पत्रात मांडलेला नियम याच जातीचा आहे. आपल्याला त्याने काय दिलं, तर २४ उमेदवारांपैकी फक्त पाच उरले: ११, ३१, ४१, ६१, ७१. भाचीने पाचही भागाकार केले. बाक्या ५, ८, ३०, २, ३. ९०९१ मूळ ठरला.

इतकंच नाही. १ ला जिने भागलं की आवर्तन बरोबर दहा अंकी येतं अशी मूळ संख्या शोधली, तर ९०९१ ही जगातली एकमेव संख्या आहे. दोन अंकी आवर्तनाची एकटी ११, तीन अंकीची एकटी ३७, चार अंकीची १०१. पाच अंकीला मात्र ४१ आणि २७१ अशा दोघी. म्हणजे गिरगावच्या पोटात असे दोन एकटे राहणारे निघाले, ११ आणि ९०९१. चाळीच्या मानाने हे जरा विचित्रच.

चार अंकी आकडा दिसला की कापरेकरांची आठवण येणारच. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५. चार अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील तर सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतंच. ९०९१ चं पाहा: ९९१० − ०१९९ = ९७११. ९७११ − ११७९ = ८५३२. ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन पायऱ्यांत घरी. कापरेकरांनी १, १२१, १२३२१ अशा उलटसुलट आकड्यांच्या घराण्याला "डेम्लो" नाव दिलं, कारण ती कल्पना त्यांना जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात सुचली. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. तिथे आज गाडीत चढण्याव्यतिरिक्त काही सुचत असेल असं वाटत नाही.

अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना "हर्षद" हे नावही कापरेकरांचंच. गिरगावची बेरीज ८, आणि ४००००४ ला ८ ने भाग जात नाही. हर्षद नाही. आकड्याने शेजारच्या कुलाब्याचा ४००००५ मात्र आहे: बेरीज ९, भागाकार ४४,४४५. कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, तिच्या पत्त्यावर हा आकडा असणं शोभतंही.

जुन्या विभागांची एक गंमत. स्वतःखेरीज बाकी विभाजकांची बेरीज जिची तिच्याइतकीच भरते ती परिपूर्ण संख्या. ६ घ्या: १ + २ + ३. २८ घ्या: १ + २ + ४ + ७ + १४. शंभराच्या आत या दोनच. म्हणजे मलबार हिल, मुंबई ६, आणि दादर, मुंबई २८, हे दोघे परिपूर्ण होते. दादरकरांना हे सांगायची गरज नाही, त्यांना ते आधीपासून माहीत आहे. चार लाख मिळवल्यावर मात्र दोघांचीही परिपूर्णता गेली. गिरगावचे एकूण विभाजक १२, आणि स्वतःला वगळून बेरीज ३,६३,७२४. चार लाखांना कमीच पडते. पार्ल्याचीही एक गोष्ट: ५७ हा दिसायला अगदी मूळ वाटतो, आणि ग्रोथेंडिक नावाच्या महान गणितज्ञाने भाषणात मूळ संख्येचं उदाहरण म्हणून ५७ सांगितला अशी आख्यायिका आहे. ५७ म्हणजे ३ × १९. नवा ४०००५७ तरी? त्याला ७ ने भाग जातो. पार्ले दोन्हीकडून हुकलं.

आणखी एक प्रश्न भाचीने विचारला नाही, मीच तिच्या गळ्यात मारला. ४००००४ चौकोनी फरशा आहेत. त्या सगळ्या वापरून दोन चौरस खोल्या भरता येतील का? नाही. वर्गसंख्येला ११ ने भागलं की बाकी ०, १, ३, ४, ५ किंवा ९ च येते. यातल्या कुठल्याही दोन बाक्यांची बेरीज ११ होत नाही, करून पाहा. तेव्हा दोन वर्गांच्या बेरजेला ११ ने भाग जायचा, तर दोन्ही वर्गांना वेगवेगळा जायला हवा. वर्गाला ११ ने गेला की १२१ नेही जातोच, आणि मग बेरजेलाही १२१ ने जायला हवा. ४००००४ ला १२१ ने जात नाही. मिटलं. पण तीन खोल्या चालतील: ६३२ × ६३२, २४ × २४ आणि २ × २. मिळवून पाहा, ३,९९,४२४ + ५७६ + ४. तिसरी खोली चार फरशांची म्हणजे गिरगावातली मोरीच झाली, पण हिशेब चोख आहे.

चौथ्या दिवशी भाचीने चौकटीची वही काढली आणि म्हणाली, "एकट्या गिरगावचं काय घेऊन बसलायस? सगळ्या मुंबईचं बघू." ४०००००१ लिहून मोकळी झाली, मग एक शून्य खोडलं. ४००००१ ते ४००१०४. एकशेचार चौकटी.

याला एराटोस्थेनिसची चाळण म्हणतात. साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या या माणसाची युक्ती आजही तशीच चालते. प्रत्येक आकडा वेगळा तपासत बसायचं नाही. २ ने भाग जाणारा पहिला शोधा आणि तिथून एक सोडून एक खोडत जा. मग ३ चा, मग ५ चा. एवढ्यातच १०४ पैकी फक्त २९ उरले. मग ७: पहिलाच, फोर्टचा जीपीओ, ४००००१, हा ७ × ५७,१४३ निघाला. तिथून दर सातवा पत्ता बाद. ११ ने सुरुवात केली ती गिरगावापासून. २३ पर्यंत आलो तेव्हा १७ उरले होते, आणि इथून पुढे चाळण हळू झाली. ५३ ने मालाड पूर्व पडलं, ५९ ने विक्रोळी. मग कितीतरी भागाकार कोरडे. ४ लाखांचं वर्गमूळ ६३२ च्या पुढे जातं, म्हणजे ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्या वापरायच्या. २६९ ने मांडवी, ३३७ ने माटुंगा.

सर्वांत चिवट निघालं लोअर परळ. ४०००१३ ला ५०० पर्यंत कशानेच ढिम्म झालं नाही. ६०० झाले, तरी नाही. भाचीने त्याला मनातून पास करून टाकलं होतं आणि भोवती हिरवा गोलही काढला होता. मग १११ वी मूळ संख्या आली, ६०७, आणि ६०७ × ६५९ = ४,००,०१३. गोल खोडावा लागला.

इथे जरा थांबण्यासारखं आहे. ६०७ ला ६५९ ने गुणायला कागदावर एक मिनिट लागतं. पण ४०००१३ हातात देऊन "याचे तुकडे सांग" म्हटलं, तर ११० वेळा नापास होऊन १११ व्या वेळी यश. गुणणं सोपं, फोडणं कष्टाचं. या असमानतेवरच १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए नावाची कुलूपबंदी उभारली, आणि इंटरनेटवर ती अजून वापरात आहे. तिथे दोन प्रचंड मूळ संख्यांचा साधारण ६१७ अंकी गुणाकार सगळ्यांना उघड दाखवलेला असतो. तुकडे मात्र मालकाकडेच. ६०७ पर्यंत पोचायला आम्हाला दोन संध्याकाळ लागल्या. तिथे आजच्या संगणकांना विश्वाचं वयही पुरणार नाही.

शेवटी चाळणीवर आठ उरले. ४००००९ मशीद बंदर. ४०००३१ वडाळा, म्हणजे आम्ही. ४०००३३ काळाचौकी. ४०००५१ वांद्रे पूर्व. ४०००६७ कांदिवली पश्चिम, म्हणजे भाची. ४०००६९ अंधेरी पूर्व. ४०००८७ पवईचा, आणि ४०००९३ चकाला. दिसण्यावरून यातला एकही ओळखता आला नसता. ४०००६३ आणि ४०००६७ यांत डोळ्यांना काय फरक दिसतो? एक २२९ ने फुटतो, दुसरा फुटत नाही.

आठच का, याचंही उत्तर आहे. गाऊस या जर्मन गणितज्ञाने पोरवयातच मूळ संख्यांचे तक्ते चाळून अंदाज बांधला होता की एखाद्या संख्येच्या आसपास मूळ संख्या किती विरळ असतील ते तिच्या नैसर्गिक लॉगरिदमवरून (कॅल्क्युलेटरवरचं ln) कळतं. ४ लाखांचा लॉगरिदम १२.९. म्हणजे साधारण दर तेरा आकड्यांमागे एक. १०४ भागिले १२.९ म्हणजे ८ आणि किंचित. मुंबईच्या पोस्टाने गाऊसचं बोट धरून पत्ते वाटले असावेत असं क्षणभर वाटलं. खरं तर इतक्या लहान टप्प्यात अंदाज इतका चपखल बसणं हे थोडं नशीब. मोठ्या टप्प्यांत मात्र तो हटकून बसतो, आणि १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसाँ यांनी तो स्वतंत्रपणे सिद्ध केला.

वडाळा-काळाचौकी आणि कांदिवली-अंधेरी यांच्यात दोनचंच अंतर आहे. या जोडमूळ संख्या. जमिनीवरही वडाळा आणि काळाचौकी जवळच. कांदिवली ते अंधेरी मात्र लोकलने जायचं. अशा जोड्या अनंत आहेत का, हा प्रश्न अजून कुणालाही सुटलेला नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी एवढं सिद्ध केलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतराच्या जोड्या तरी अनंत आहेत. ७ कोटी ऐकून भाची हसली. वर्षभराच्या आत इतरांनी मिळून ते अंतर २४६ वर आणलं, तेव्हा हसायची थांबली. २ पर्यंत यायचं बाकी आहे.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तिने बॅग भरता भरता विचारलं, "मामा, ९०९१ चं आवर्तन दहाचं. मग माझ्या कांदिवलीचं किती?"

म्हटलं, "तुझा आकडा मूळ आहे. टोळ्यांचा हिशेब आठव. ४०००६६ बाक्या. त्यांची एकच टोळी झाली, तर आवर्तन ४०००६६ अंकांचं."

"हाताने काढता येईल?"

मी हिशेब केला. दोनशे पानी वही, पानाला पाचशे चौकटी, म्हणजे एका वहीत लाख अंक. चार वह्या, आणि पाचवीत ६६ चौकटी. जाताना वडाळा स्टेशनबाहेरच्या दुकानातून तिने पाच वह्या घेतल्या.